केशरबाईंची दुरुस्ती

कोपर, डोंबिवली पश्चिम

प्रिय प्राप्ती,

तुझ्या आईविरुद्ध एक रीतसर तक्रार नोंदवायची आहे. खिडकीजवळची माझी वेताची खुर्ची, जिच्यावर बसून मी बावीस वर्षं दहावीच्या पेपरांतली विभक्तींची कत्तल पाहिली, ती आता बाथरूमच्या दाराशी हलवण्यात आली आहे. उजेडाची जागा केशरबाईंना मिळाली. केशरबाई म्हणजे तू दिवाळीत आईला पाठवलेली ती शिवणकामाची डमी. अंगावर केशरी कापड, एका पायावर उभी, डोकं नाही, हात नाहीत, तरी घरात मान माझ्यापेक्षा जास्त. नाव मी ठेवलं. आईने नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच ‘केशरबाईंना धक्का लावू नका’ म्हणायला लागली.

गैरसमज नको, बाई गुणी आहेत. गळा, छाती, कंबर, सगळीकडे एकेक चकती. फिरवली की अंग रुंदावतं, उलटी फिरवली की आक्रसतं. अणिमा आणि महिमा या सिद्धींसाठी लोक हिमालयात जाऊन बसतात, इथे त्या प्लास्टिकच्या चकतीवर मिळतात. सोमवारी त्या शेजारच्या अक्षदाएवढ्या असतात, गुरुवारी आणखी कुणाएवढ्या. पूर्वी स्वतःचा ब्लाउज बेतताना आई तोंडात टाचण्या धरून आरशासमोर स्वतःच्याच पाठीशी झटापट करायची, मला मदतीला बोलवायची आणि मग माझ्या मदतीवर चिडायची. ते प्रकरण संपलं. दिवाळीत अक्षदाने तिची मापं घेऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिली. स्वतःचं काही शिवायचं झालं की चकत्या त्या आकड्यांवर आणायच्या, झालं.

तुझ्या मावसभावाच्या, जयेशच्या लग्नासाठी तिने जांभळा ब्लाउज शिवला. केशरबाईंच्या अंगावर तो इतका चोख बसला की तिने तुला फोटो पाठवला. पुढचं मात्र तुला कळवलेलं नाही. तो तिने स्वतः घातला, तर पाठीला झोळ आणि काखेत पोकळी. उसवला, पुन्हा केशरबाईंवर बेतून शिवला, पुन्हा तेच. तीस वर्षं ब्लाउज शिवणारी बाई मशीनवर झाकण घालून बसली आणि म्हणाली, हात गेला आता माझा. नंतर चहा झाल्यावर दोष केशरबाईंवर गेला. आतली चक्रं सरकली असणार, असं ठरलं. मलाही ते पटलं, किंवा पटवून घेतलं म्हण.

दुकानांतल्या डमी दुरुस्त करणारे एक सहदेव मिस्त्री वागळे इस्टेटमध्ये आहेत, असं अक्षदाने सांगितलं. चूक कुठे आहे हे मिस्त्रींना दिसावं म्हणून आईने ब्लाउज अंगात घालून अक्षदाकडून जादा कापड टाचण्यांनी चिमटून घेतलं आणि तसाच सोबत दिला. केशरबाईंना तिची जुनी ओढणी गुंडाळली, कारण तसं नेणं बरं दिसत नाही. आख्खी रिक्षा केली. शीळफाट्यापर्यंत रिक्षावाला आरशातून बघत होता, मग त्याने हळूच विचारलं की आजींना बरं नाही का. मी म्हणालो, त्यांना काही होत नाही.

सहदेव मिस्त्रींनी केशरबाईंना उघडलं, चक्रं पाहिली, वहीतल्या आकड्यांवर चकत्या आणून टेप फिरवली. सुताचाही फरक नव्हता. मग त्यांनी तो टाचण्या लावलेला ब्लाउज हातात घेतला. बराच वेळ उलटसुलट पाहिला.

“सर, हिच्यात काय बिघाड नाय,” ते म्हणाले. “ज्यांचं माप आहे, त्यांना एकदा डॉक्टरकडे दाखवून घ्या.”

तिथेच उभं राहून मी त्यांच्याकडून टाचण्यांच्या मापाने चकत्या आत घेऊन घेतल्या. छाती अडीच इंच, कंबर तीन. घरी येऊन सांगितलं की चक्रं झिजली होती, मिस्त्रींनी नवी घातलीत, आता आकड्यांकडे बघू नकोस, आणि नवी चक्रं रुळेपर्यंत दुसऱ्या कुणाचं काम त्यावर घेऊ नकोस. मी इतकं सफाईने खोटं बोलू शकतो हे मलाच नवीन होतं. तिने ब्लाउज आत घेतला, घातला, अगदी नेमका बसला. दिवसभर गुणगुणत होती. मिस्त्रींना बेसनाचे लाडू पाठवायचे म्हणते.

गळ्यात सदानकदा टेप घालून फिरणारी बाई ती टेप स्वतःभोवती एकदाही लावत नाही. तिला ती लावायचीच नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आजी गेली तेव्हा तू नववीत होतीस. त्या वर्षी आई आजीचे ब्लाउज दर महिन्याला आत घ्यायची आणि आजीला सांगायची, धुऊन धुऊन कापड सैलावलंय.

आपल्याकडे फोन स्पीकरवर लावायची पद्धत आहे, म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या बाळकुमच्या घरी न पाठवता ऑफिसच्या पत्त्यावर. सहा महिन्यांत तीन इंच, प्राप्ती. जेवण निम्म्यावर आलंय. विचारलं की म्हणते उन्हाळा आहे. शनिवारी ये. येण्याआधी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, आणि तिला कसं सांगायचं तेही तूच ठरव, कारण मी एकदा खोटं बोलून बसलोय आणि आता खरं बोलायला तोंड उघडत नाही. कदाचित काहीही नसेल. पण ती शिवायला बसली की मी पुस्तक उघडून तिच्याकडेच बघत असतो. मला भीती वाटते आहे, आणि ती एकट्याच्याने सोसवत नाही.

तुझाच,
बाबा