चांदमारीचे दोन दिवस

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

सिक्युरिटी एजन्सीचा मेसेज आला. सगळ्या गनमॅननी २२ आणि २३ तारखेला चांदमारीला, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, हजर राहायचं. चौथा शनिवार आणि रविवार, म्हणजे बँकेला सुट्टीच. स्वतःचं हत्यार, परवाना, पूर्ण युनिफॉर्म. पहिल्यांदाच ठेवलंय असलं शिबिर. जो पास होणार नाही त्याला हत्यारी ड्युटी बंद — दांडकं घेऊन उभं राहायचं.

बँकेच्या दारात उभा होतो तेव्हा वाचला. तीनदा वाचला. बसलो, उठलो, परत बसलो. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "सोमनाथ, आज काय चाललंय तुमचं सारखं आतबाहेर?" काही नाही म्हणालो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हे पान कोण वाचणार. लिहून टाकतो. चौदा वर्षं नसरापूरला बँकेच्या दारात रायफल घेऊन उभा आहे, आणि आजवर मी एक गोळी उडवलेली नाही.

रायफल आबांची, माझ्या वडिलांची. तीनशे पंधरा बोरची. आबा मिलिटरीतून आले आणि परवाना काढला. शेतात रानडुकरं शिरली की आबा उडवायचे, मी बॅटरी धरायचो. मी भरतीला दोनदा गेलो, दोन्ही वेळा छाती कमी भरली. आबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२०११ ला त्यांनी परवाना माझ्या नावावर केला. एजन्सीच्या साहेबानं विचारलं, चालवता येते का? मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "माझा पोरगा हाय." झालं. त्यानंतर कुणी विचारलं नाही. गावात, विंझरमधे, मला बंदूकवालेच म्हणतात.

आता बावीस तारखेला विचारणार आहेत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गेनबाचा फोन. हा शिवऱ्याचा, हायवेच्या पंपावर गनमॅन आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याची डबल बारची बंदूक. म्हणाला, "सोमाभाऊ, तुमचा हात बसल्याला असंल. माजं काय खरं न्हाई. नळीत गांजीलमाशीनं मातीचं घर केलं आसंल."

मी हसलो. असू दे म्हणालो, काय होत नाही.

मग एजन्सीचाही फोन. तुम्ही सीनियर, तुमच्या भागातली तीन हत्यारं साफ करून, सामान बघून तयार ठेवा. तीन म्हणजे माझी, गेनबाची आणि नव्यानं लागणाऱ्या प्रगतीची. दुसऱ्याचं हत्यार ठेवून घेता येत नाही, परवाना ज्याचा त्याचा. म्हणून दोघांना बुधवारी घरीच या म्हणालो. शिवजयंतीची सुट्टी आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

सगळा दिवस सामानात गेला. आबांचा साफ करायचा गज माळ्यावर सापडला, गंजलेला. रॉकेल नाही घरात, डिझेल लावून घासला. जुन्या धोतराच्या चिंध्या कापल्या. तेल. पट्ट्याची कडी तुटलेली, ती चांभाराकडं द्यायची. परवान्याच्या दोन झेरॉक्स. कानात घालायला कापूस. झोपून उडवायला लावतात म्हणे, म्हणून एक चटई.

रायफल तीनदा पुसली. पुसून झाली की वाटायचं राहिलं काहीतरी.

बायको, सुलक्षणा, पावटा सोलत ओट्यावर बसली होती. म्हणाली, "किती घासताल? लग्नाला चाललीय का ती?" थोड्या वेळानं म्हणाली, "तितं समद्यांनाच उडवाय लावत्यात का?" व्हय म्हणालो. पावटा तसाच ठेवून आत गेली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दोघं सकाळी आले. गेनबा एसटीनं, प्रगती दिराच्या गाडीवरून. अंगणात ताडपत्री टाकली. गावात मिरवणुकीचे ढोल चाललेले, आम्ही तिघं हत्यारं पुढ्यात घेऊन बसलो.

प्रगतीचा नवरा कॅशच्या गाडीवर गनमॅन होता. दीड वर्षापूर्वी हायवेला अपघातात गेला. त्याची रायफल मागच्या महिन्यात तिच्या नावावर झाली. तिनं कव्हर अजून उघडलंच नव्हतं. चेन ओढली तर आत त्याचा हातरुमाल निघाला, तेल पुसायचा. तिनं तो वास घेऊन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "सांगा काका, कुठनं सुरू करू."

मी सांगितलं. नळी कशी पुसायची, बोल्ट कसा मागं ओढायचा, आत काडतूस नाही ना हे बोट घालून कसं बघायचं, तोंड नेहमी जमिनीकडं. हे सगळं मला येतं. आबांना बघून बघून पाठ आहे. माझ्या तोंडून ऐकताना माझाच विश्वास बसत होता.

गेनबाच्या नळीतनं खरंच मातीचा गोळा निघाला. तो म्हणाला, "आरं बाबौ, ही पंपावर उडवली असती तर मीच उडलो असतो."

मग प्रगतीनं विचारलं, "काका, पयल्यांदा उडवली तवा खांद्याला किती लागलं हो?"

"फार नाही," मी म्हणालो. "घट्ट धरायची."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. वही आणली होती तिनं! शाळेतल्या पोरीसारखी तारीख घालून. तिची मुलगी तिसरीत आहे. ही नोकरी मिळाली नाही तर माहेरी जावं लागेल म्हणाली, आणि माहेरी भाऊजयीचं तोंड कसं असतं ते पण सांगितलं.

ते गेल्यावर मी अंगणातच बसून राहिलो. घट्ट धरायची म्हणे. मला काय माहीत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दिवसभर तेच डोक्यात. दारात उभा होतो पण कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, काही सांगता येणार नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सामान बांधलं. सोडलं. परत बांधलं.

पाच वाजता प्रगतीला फोन केला. म्हणालो, पोरी, तुला परवा खोटं सांगितलं. मी कधी उडवलेली नाही. खांद्याला किती लागतं मला ठाऊक नाही.

ती म्हणाली, "चौदा वर्षं?"

व्हय म्हणालो.

"मग उद्या आपुन दोघं बी नवीनच," म्हणाली. "तुमी माज्या शेजारी थांबा."

तिच्याजवळ बोललो आणि जरा जेवलो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सगळं लिहितो. नाहीतर डोकं फुटेल.

चांदमारी भोरच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. मागं मातीचा उंच बांध, पुढं लाकडी फळ्या, फळ्यांवर कागद. अठरा गनमॅन आलो होतो. शिकवायला आनंदराव म्हणून रिटायर सुभेदार. बारीक माणूस, आवाज मोठा. पहिले दोन तास नुसतं झोपायचं, धरायचं, श्वास कधी सोडायचा ते. मला बरं जमत होतं. सुभेदार माझ्याजवळ थांबून म्हणाले, "छान. हाताला वळण हाय तुमच्या." आबांचं वळण ते, दुसरं काय.

काडतुसं एजन्सीनं नवी दिली. गेनबानं पहिला बार काढला आणि आवाजानं त्याचीच टोपी पडली. मग प्रगती. पहिली गोळी बांधात. दुसरीला ओरडली. तिसरी, चौथी, पाचवी कागदावर. उठली तेव्हा खांदा धरला होता आणि मला म्हणाली, "लई लागतं, काका."

मग मी. चटईवर झोपलो. कागदावरचं काळं स्वच्छ दिसत होतं. श्वास सोडला, घोडा ओढला.

टक्.

काही नाही. सुभेदारांनी तसंच पडून राहायला लावलं, मग काडतूस काढून दुसरं दिलं. टक्. तिसरं. टक्. प्रत्येक काडतुसाच्या बुडावर नुसता ठिपका, मुंगी चावल्यासारखा. मागं कुणीतरी हसलं.

सुभेदारांनी बोल्ट काढला, डोळ्याजवळ धरला, बोटानं चाचपला. मग मला बाजूला नेलं. हळू बोलले, त्यांचे उपकार.

"काडतुसावर आपटती त्या पिनेचं टोक आखूड हाय. झिजल्यालं न्हाई हे. कानशीनं घासलंय कुणीतरी. मुद्दाम." मग म्हणाले, "किती वरसं हाय तुमच्याकडं ही?"

मी सांगितलं नाही. गेनबानं सांगितलं.

अर्ध्या तासात अठरा जणांना कळलं. एकजण म्हणाला, "चौदा वरसं फुकणी घिऊन उभा व्हता की." गेनबा त्याच्या अंगावर गेला. मी अडवलं. काय खोटं बोलला तो.

रविवार, २३ फेब्रुवारी

जाणार नव्हतो. प्रगतीचा फोन सकाळी सहाला, "मी फाट्यावर उभी हाय, तुमी आल्याबिगर जात न्हाई." गेलो.

सुभेदारांनी तिची रायफल मला दिली, स्वतः शेजारी बसले. पाच गोळ्या. पाचही कागदावर, तीन काळ्यात. मी उठून फळीपर्यंत चालत गेलो आणि भोकात बोट घालून बघितलं.

पास. गेनबा पास, प्रगती पास. पण माझ्या रायफलीला चिठ्ठी लावली — नादुरुस्त. पुण्याच्या परवानाधारक दुकानातनं आठ दिवसांत दुरुस्ती करून दाखला आणायचा. तोपर्यंत दांडकं.

येताना गेनबा म्हणाला, "हात हाय तुमचा, भाऊ. मी म्हनत नव्हतो का." मला आनंद व्हायला पाहिजे होता.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दारात दांडकं घेऊन उभा. मॅडमनी विचारलं, रायफल? दुरुस्तीला म्हणालो.

२०१९ चा प्रसंग सारखा डोळ्यापुढं येतोय. दुपारी तिघं जण तोंड बांधून आत शिरले. एकाचा हात जॅकेटच्या आत. मी दारात पाय रोवून रायफल छातीवर धरली. ते एकमेकांकडं बघत निघून गेले. बँकेनं माझा सत्कार केला होता. शाल, नारळ. ती गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. पाव्हण्यांना, एसटीत अनोळखी माणसांना.

तेव्हाही माझ्या हातात फुकणीच होती. ज्याचा हात जॅकेटमधे होता त्यानं तो बाहेर काढला असता तर?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

कुणी घासली? रायफल घराबाहेर गेली ती फक्त माझ्याबरोबर. त्याआधी आबांच्या खोलीत. म्हणजे आबाच.

का, ते पण कळतं. भरतीत नापास झालेला पोरगा. उद्या बँकेत घाबरून कुणावर तरी झाडेल, घराण्याचं नाव जाईल. "माझा पोरगा हाय" म्हणाले तेव्हा त्यांना ठाऊक होतं की ही उडणार नाही. सात वर्षं झाली त्यांना जाऊन. जाब कुणाला विचारू.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, सुट्टी. सुलक्षणा रताळी उकडत होती. तिला सगळं सांगितलं. चांदमारीचं, टक्चं, हसले ते. शनिवारपासून तिला काही बोललोच नव्हतो. मग जे तोंडात आलं ते बोललो. म्हणालो, आबांनी मला बायकी समजलं. मरेपर्यंत माझ्याकडनं एक मुकी रायफल वागवून घेतली आणि वर बघत बसले.

ती म्हणाली, "गेलेल्या माणसाला आसं बोलू नये."

"मग कुणी केलं? तू सांग."

गॅस बंद करून म्हशीला पाणी दाखवायला गेली. मी दुरुस्तीचा अर्ज भरायला घेतला. हत्यार कधीपासून नादुरुस्त, असा एक रकाना आहे. वर्ष आठवायला लागलो. २०११ च्या आधीचं. म्हणजे २०१०, मी कामाला होतो ती शिरवळची कंपनी बंद पडली ते साल. त्या सालाबद्दल मी कधी काही लिहिलं नाही. रकाना मोकळाच ठेवला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी डबा भरताना सुलक्षणा म्हणाली, "मामंजींना बोल लावू नका. त्यांनी निस्ता बोल्ट काडून दिला. लोहाराकडं म्या नेला. दुधाच्या किटलीत घालून, एसटीनं. कंपनी बंद पडली तवा तुमी रायफल घिऊन गोठ्यात बसायचा, आतनं कडी लावून. मला काय कळत नव्हतं व्हय?"

ओट्यावर बसलो.

"मग नोकरी लागली. सांगायचं म्हंजी कशापायी केलं ते बी सांगावं लागलं आसतं. रोज सांजच्याला तुमची गाडी वाजंस्तवर जीव थाऱ्यावर नसायचा माजा. पर त्या गोठ्यापरीस बँकेचं दार बरं."

अर्ज तसाच होता, सही राहिलेली. तिला विचारलं, नवी पिन बसवू का.

तिनं डब्याचं झाकण दाबून लावलं. माझ्याकडं नीट बघितलं.

"आता बसवा," म्हणाली.