लेकीच्या वेबसाइटवरचा डोळा

३ एप्रिल, सकाळ
आजपासून ॲनिमेशन. लेकीचं चष्म्याचं दुकान पंधरा तारखेला उघडतंय. दुकानाच्या वेबसाइटवर एक मोठा डोळा उघडझाप करणार आणि तो मी करून देणार. जावई म्हणाले, ओळखीचा एक डिझायनर आहे, दोन दिवसांत देईल. म्हटलं, छापखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस घरात असताना बाहेरचा कशाला? लेकीनं त्याला नको म्हणून कळवलं. गुणाची पोर.
काम दोन दिवसांचं. उरलेले दहा दिवस विश्रांती.

३ एप्रिल, दुपार
सॉफ्टवेअर उघडलं. चित्राच्या आधीच एक चौकट समोर आली. डॉक्युमेंट सेटिंग. रुंदी किती, उंची किती, सेकंदाला फ्रेम किती, बॅकग्राउंड कुठला. काही आकडे आधीच भरलेले. दुसऱ्यानं भरलेल्या आकड्यांवर मी काम करत नाही. चौकट बंद केली. चहा घेतला.

५ एप्रिल
रुंदी ठरत नाही. ही म्हणते, काहीतरी टाका आणि पुढे सरका. हिला काय सांगणार! कागद एकदा कापला की कापला. आमच्याकडे एकदा अर्धा इंच चुकला आणि चार हजार कॅलेंडरं रद्दीत गेली. कोणाच्या हातून, ते इथे लिहायची गरज नाही.

६ एप्रिल
स्टीलची पट्टी घेऊन निघालो. हिचा मोबाइल मोजला, शेजाऱ्यांचा टीव्ही मोजला. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टचा कॉम्प्युटर मोजायला वाकलो तर तिनं विचारलं, नंबर लावलाय का. म्हटलं, नको, फक्त रुंदी हवी आहे. तिनं डॉक्टरांना बोलावलं. रुंदी राहिली.

८ एप्रिल
मिळाल्या तेवढ्या रुंद्यांची सरासरी काढली. आता सॉफ्टवेअर म्हणतं, सेंटिमीटर नको, पिक्सेल सांगा. एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर, हे भिंग लावून स्क्रीनवर मोजत बसलो. दोन्ही डोळ्यांना धार लागली. लेकीला फोन केला. म्हणाली, दुकान उघडलं की पहिली तपासणी तुमची.
काम किती झालं, विचारत होती. ऐंशी टक्के म्हणालो. विचार धरला तर तेवढं होतंच.

१० एप्रिल
बॅकग्राउंड पांढरा. पण कुठला पांढरा? छापखान्यात सात पांढरे होते. घरातले सगळे कागद स्क्रीनशेजारी धरून पाहिले. हिनं विजेचं बिल हातातून काढून घेतलं.
लेकीचा पुन्हा फोन. थोडंसं दाखवता का? म्हटलं, पाया दाखवायचा नसतो. ती नुसतं बरं म्हणाली. त्या ‘बरं’नं जेवण गेलं नाही.

१२ एप्रिल
फ्रेम रेट. त्यांनी सेकंदाला चोवीस लिहिलंय. सेकंदाला चोवीस चित्रं! यांच्या घरी माणसं किती? चोवीस पुसून एक केलं. एक सेकंद, एक चित्र, हिशेब सरळ.
सेटिंग पूर्ण! स्क्रीन पांढरीशुभ्र. हिला बोलावून दाखवली. म्हणाली, काहीच दिसत नाहीये. तिला चष्मा लागणार, लेकीच्या कानावर घालायला हवं.

१४ एप्रिल
डोळा काढला. पापणी खाली येण्याची वीस चित्रं झाली. वर जाण्याची राहिली. मिटलेला डोळा उघडतोच, हे लहान पोरालाही कळतं. शेवटच्या चित्रावर थांबेल असं केलं आणि फाइल पाठवली. लेकीचा मेसेज आला: दुकानात आरसे लावतेय, बघायला वेळ नाही, सरळ चढवायला सांगते, तुमच्यावर विश्वास आहे.
मेसेज तीनदा वाचला. स्टीलची पट्टी खिशात ठेवली. उद्या लागली तर असावी.

१५ एप्रिल, संध्याकाळ
दुकान गच्च भरलेलं. भिंतीवरच्या टीव्हीवर वेबसाइट लावली. डोळा दिसला. टाळ्या झाल्या. मग पापणी थोडी हलली. थांबली. आणखी थोडी हलली. टाळ्या थांबल्या. वीस सेकंद सगळं दुकान श्वास रोखून बघत होतं. डोळा मिटला तो मिटलाच.
विहीणबाई हळूच म्हणाल्या, “शांतपणे गेला.”
मी म्हटलं, परत करतो, रुंदीपासून सुरुवात करतो, बारा दिवस द्या. लेकीनं लॅपटॉपवर फाइल उघडली. तीच चौकट आली. एक पुसून चोवीस केले, पुन्हा पुन्हा दाखवण्याच्या खुणेवर बोट ठेवलं, फाइल परत चढवली. टीव्हीवरचा डोळा पटकन मिटला, उघडला. परत मिटला, उघडला. लोक हसले, टाळ्या झाल्या. विचारलं, हे असं नंतर बदलता येतं? म्हणाली, केव्हाही. रुंदीसुद्धा? तीही तिनं तिथल्या तिथे बदलून दाखवली. माझी सरासरी कुठल्याच स्क्रीनवर बसत नव्हती.
मग मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.
“बाबा, जमत नाहीये, एवढंच का नाही सांगितलंत?”
खिशातली पट्टी चाचपत राहिलो. पाणी बरंच गार होतं.

१६ एप्रिल
डोळे तपासून घेतले. नजर उत्तम आहे म्हणे.
विश्रांती.