पॉपीच्या कानातली बोंडं

हिकरी रन, ओहायो
९ जून १९९६

ती. लुड्विकदादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस आणि ठेवून देतोस, त्यापेक्षा पत्र बरं. परवापासून मी चालवते त्या शाळेच्या बसला सुट्टी लागली, त्यामुळे आता सकाळ-संध्याकाळ मी आणि पॉपी घोडी. तुझ्या टिंबर घोड्याची पोरगी छान आहे. काल जिल्ह्याच्या घोड्यांच्या मेळाव्यात दुसरी आली आणि ऑक्टोबरच्या ओक्लाहोमाच्या मेळाव्यासाठी आमचं नाव पक्कं झालं.

पहिली का आली नाही तेही सांगते. तिला भोंगा कळायला लागलाय. भोंग्यावर निवेदक ‘दुडकी’ म्हणाला की माझा पाय हलायच्या आत ही दुडकायला लागते. ‘चाल’ म्हटलं की थांबून चालायला लागते. लोकांना कौतुक वाटतं, पण पंचांना स्वाराचं ऐकणारी घोडी हवी असते, निवेदकाचं ऐकणारी नाही. इतके मेळावे हिंडल्यावर तिला सगळं पाठ झालंय. काय करू सांग.

माझी दाढ एकदाची बसली. शेजारच्या दंतवैद्याने बसवली, पैसे घेतले नाहीत. हिवाळाभर त्याच्या बायकोला मी घोड्यावर बसायला शिकवलं ना, त्याबद्दल म्हणाला. आता सफरचंद दोन्ही बाजूंनी खाते.

उन्हात डोकं उघडं ठेवू नकोस. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
आर्लीन

—

डोल्नी, नेब्रास्का
१७ जून १९९६

चि. आर्लीनला,
अ. उ. आ.

सोबत लोकरीची दोन बोंडं पाठवतोय. तुझ्या ब्लांकावहिनीने टिंबरसाठी विणली होती. लिलावाच्या गोंगाटाने तो बिथरायचा, म्हणून ती त्याच्या कानात घालायची. ती गेल्यापासून पेटीत पडून होती. पॉपीच्या कानात घाल. ती बहिरी झाली की तुझं ऐकेल. ब्लांका माझ्याबद्दल नेमकं उलटं म्हणायची.

आता ध्यान देऊन वाच. पैदाशीच्या घोड्यांच्या बक्षीस-योजनेच्या कार्यालयातून पत्र आलंय. पैदाशीच्या घोड्याचं एकही नोंदलेलं शिंगरू सलग चार वर्षं ऑक्टोबरच्या मेळाव्यात हौशी स्वाराखाली पहिल्या सहांत आलं नाही, तर त्या घोड्याचं नाव यादीतून निघतं. टिंबरचं हे चौथं वर्ष. त्याची बाकीची पोरं मी गुराख्यांना विकली. ती गुरं वळतात, रिंगणात जात नाहीत. नोंदलेली आणि रिंगणात जाणारी एकटी पॉपी.

यादीतून नाव गेलं की पुढची शिंगरं नोंदता येत नाहीत, स्वारांना बक्षीस नाही, मग आपली घोडी टिंबरकडे कोण आणणार? पोटुशा तीन घोड्या माझ्या दारात उभ्या आहेत. मी सहासष्ट वर्षांचा. टिंबरसारखा दुसरा घोडा उभा करायला वीस वर्षं लागतात, तेवढी मी कुठून आणू? याला पहिल्या दिवशी जो तो हसला होता. हसणाऱ्यांपैकी दोघं अजून जिवंत आहेत.

तेव्हा पहिल्या सहांत ये. दाढेचं अभिनंदन.

तुझा,
लुड्विक

—

हिकरी रन
८ जुलै १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बोंडांनी जादू केली. घोडी आता माझ्या पायाकडे लक्ष देते. पण हे पत्र दुसऱ्याच गोष्टीचं आहे, बसून वाच.

ऑक्टोबरचा अर्ज भरायला घेतला. दरवर्षी मी शेवटच्या पानावर न वाचता सही करते. या वर्षी वाचलं. घोडेस्वारी शिकवण्याबद्दल ‘रोख अथवा अन्य कोणत्याही रूपात मोबदला घेतलेला नाही’ अशी ती सही असते. घेतला की स्वार हौशी राहत नाही. मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. जीभ आपली त्या दाढेवरून फिरत होती.

दादा, मी शिकवलं आणि दाढ घेतली. मैत्रीत घेतली, पण घेतली. सही केली असती तर ती खोटी झाली असती. काल कार्यालयाला सगळं लिहून टाकलं. टिंबरचं काय होणार हे माहीत असूनही लिहिलं. तुला राग येईल, तो येऊ दे म्हणते मी.

लोभ कमी झाला तर तेवढं कळव.

आर्लीन

—

डोल्नी
१३ जुलै १९९६

आर्लीन,

घोड्याचं वय दातांवरून बघतात. हौशी बायकांचे दात बघायला कोणी येत नाही. तुझ्या तोंडात कोण डोकावणार होतं? त्याची दाढ त्याला परत कर आणि चूक झाली म्हणून दुसरं पत्र टाक.

लुड्विक

—

डोल्नी
१४ जुलै १९९६

चि. आर्लीनला,
अ. उ. आ.

कालचं पत्र टपालाच्या डब्यातून परत काढायला गेलो तर पोस्टाची गाडी आधीच येऊन गेली होती. ते फाडून टाक.

सकाळी टिंबरला खरारा करत होतो. त्याच्या कागदावर पैदासकार म्हणून माझी सही आहे. त्यातली एकही ओळ खोटी नाही, म्हणून लोक डोळे मिटून माझ्याकडून शिंगरू नेतात. त्याचीच पोरगी खोट्या सहीवर पळवायची म्हटलं तर मग यादीत राहून तरी काय उपयोग. तू केलंस ते बरोबर. राग आहे, तो दंतवैद्यावर ढकललाय.

लोभ होता तेवढाच आहे. मोजून बघितला.

तुझा,
लुड्विक

—

हिकरी रन
३० जुलै १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं नाही, जपून ठेवलंय. म्हातारपणी तुला वाचून दाखवीन.

कार्यालयाचं उत्तर आलं. वर्षभर मला हौशी म्हणून उतरता येणार नाही. स्वतःहून कळवल्याबद्दल त्यांनी आभारही मानलेत. पण मी सगळं नियमपुस्तक पालथं घातलं. हौशी वर्गात घोडीवर तिची मालकीण किंवा मालकिणीचं सख्खं भावंड बसलेलं असावं. मला भावंड एकच आहे. त्याने आयुष्यात दुसऱ्याचा घोडा पैसे घेऊन शिकवलेला नाही, कारण दुसऱ्याचे घोडे त्याला पसंतच पडत नाहीत.

दादा, तुला बसायचंय. नाही म्हणायला कागद वाया घालवू नकोस. तीन ऑगस्टला ट्रेलर जोडून निघते, चारला संध्याकाळी पॉपी तुझ्या अंगणात असेल. शर्ट शिवायला घेतलाय. निळा आहे. खांद्यावर चमकी आहे, ती असावीच लागते. तुझ्यासाठी ऐकायचं कानाचं यंत्रही आणते. भोंगा ऐकू आला पाहिजे, कारण निवेदक सांगेल तेव्हा चाल बदलावी लागते आणि उशीर झाला की गुण जातात.

कोलाचे भाजून ठेव. सारण खसखशीचं, जर्दाळूचं नको.

तुझी,
आर्लीन

—

डोल्नी
२२ सप्टेंबर १९९६

चि. आर्लीनला,
अ. उ. आ.

तू जाऊन सात आठवडे होत आले. रोज पहाटे दोन तास घोडीवर असतो. कंबर पहिले पंधरा दिवस शिव्या देत होती, आता गप्प आहे. एकोणीसशे एकाहत्तर साली मी म्हणालो होतो की चमकीचा शर्ट घालायची वेळ आली तर मला त्यातच पुरा. शेजारच्या वंडा पोस्पिशिलने ते लक्षात ठेवलंय. काल विचारत होती की फुलं कोणत्या रंगाची आणू.

वंडाच माझी निवेदक. दर शुक्रवारी चर्चमध्ये बिंगोचे आकडे पुकारते, त्यामुळे आवाज ठणठणीत. ट्रकच्या टपावर भोंगा लावून ती पुकारते आणि मी फिरतो. मध्येच सवयीने आकडा पुकारते. घोडी त्याकडे लक्ष देत नाही.

यंत्र बरं आहे. तू काळजी करू नकोस.

लोभ ठेव आणि नवस बोलू नकोस.

तुझा,
लुड्विक

—

हिकरी रन
२१ ऑक्टोबर १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मेळाव्यात बोलणंच झालं नाही. तुला घोडी ट्रेलरमध्ये घालायची घाई आणि मला सोमवारच्या बसची. शिवाय मी रडत होते आणि तू माझ्याकडे बघायचं टाळत होतास.

सहावा. चौदा घोड्यांत सहावा. टिंबर यादीत राहिला. घरी येईपर्यंत गाडीत मी एवढंच म्हणत होते.

गॅलरीतून मी सगळं बघितलं. तू मान वर करून सरळ बसला होतास, हात मांडीवर ठेवल्यासारखे. पाय हललेला मला एकदाही दिसला नाही आणि तरी प्रत्येक हुकमाला पॉपी सगळ्यांत आधी बदलत होती. शेजारच्या बाई विचारत होत्या की हे गृहस्थ किती वर्षं उतरताहेत. मी म्हटलं, दहा मिनिटं झाली. यंत्राचे पैसे वसूल झाले म्हणायचे. फक्त नाव पुकारल्यावर तू जागचा हलला नाहीस, शेवटी शेजारच्या स्वाराने तुझ्या गुडघ्यावर थापटलं. भांबावला होतास का?

लोभ काठोकाठ आहे.

तुझी,
आर्लीन

—

डोल्नी
२७ ऑक्टोबर १९९६

चि. आर्लीनला,
अ. उ. आ.

भांबावलो नव्हतो. ऐकू आलं नव्हतं.

यंत्र मोकळ्यावर वाऱ्याने घोंघावतं आणि छपराखाली धान्य वाळवायच्या यंत्रासारखं गरजतं. हे मला सप्टेंबरातच कळलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू घोडी परत नेली असतीस. ते मला नको होतं. बाकीच्या घोड्यांकडे बघून चाल बदलायची असं ठरवलं होतं. वंडाबरोबर तालीम करताना एक दिवस बोंडं घालायला विसरलो. वंडाने पुकारलं, मला काही कळायच्या आत पॉपी दुडकायला लागली. पुन्हा पुकारायला लावलं, पुन्हा तेच. त्या दिवसापासून आम्ही दोघं दोन्ही तऱ्हांनी तयार होतो.

ओक्लाहोमात दरवाज्याशी उभा राहिलो. आत बघितलं तर रिंगण केवढं मोठं. पुढचा घोडा पार लांब वळणावर असणार, मागचे मला दिसणार नाहीत. यंत्र काढून त्या चमकीच्या शर्टाच्या खिशात टाकलं. मग वाकून तिच्या कानातली बोंडं काढली आणि आत गेलो. पाय हलला नाही कारण मला कधी हलवायचा तेच ठाऊक नव्हतं. दहा मिनिटं मी फक्त पडायचं नाही एवढं काम केलं. ऐकायचं काम टिंबरच्या पोरीने केलं.

आता दुसरी गोष्ट. नियमपुस्तक मी तीनदा वाचलं. स्वाराने स्वतः ऐकलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. पण तुझी दाढ काही मला झोपू देईना. तू एका दाढेपायी वर्ष सोडलंस आणि मी हे पोटात ठेवून सहाव्या नंबरची फीत भिंतीला लावू? काल पंचबाईंना सगळं लिहिलं. नंबर काढून घ्यायचा असेल तर घ्या म्हणालो. टिंबरचं काय होईल तेही मला माहीत आहे. तीन रात्री त्याच्यापाशी उभा राहून विचार केला आणि मग लिहिलं.

लोभ असू दे. येत्या महिन्यात लागेल.

तुझा,
लुड्विक

—

हिकरी रन
२ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं, मुलं चढायच्या आधी. मग इंजिन सुरू करायचंच विसरले. आधी हसले, मग घाबरले. बहिरा माणूस, भोंगा ऐकणारी घोडी आणि अख्खं ओक्लाहोमा बघतंय!

नंबर गेला तर जाऊ दे असं मला म्हणता येत नाही. जाऊ नये असंच वाटतं. पण तू लिहिलंस ते बरं केलंस. मी तुला दाढेचं कळवलं तेव्हा तुझं दुसरं पत्र एका दिवसाने आलं होतं. या वेळी मला तेवढाही वेळ लागला नाही एवढं लक्षात ठेव.

उत्तर आलं की त्याच दिवशी टपालात टाक.

तुझी,
आर्लीन

—

डोल्नी
१३ नोव्हेंबर १९९६

चि. आर्लीनला,
अ. उ. आ.

आज उत्तर आलं. टपालाच्या डब्यापाशी उभ्यानेच फोडलं, बोटं गारठली होती.

पंचबाई लिहितात की घोडी निवेदकाचं ऐकतेय हे त्यांना पहिल्याच फेरीत दिसलं होतं. तीस वर्षं पंचगिरी करताहेत, तेवढंही दिसणार नसेल तर खुर्ची सोडावी असं म्हणतात. त्याचे गुण त्यांनी तिथल्या तिथे कापले होते. म्हणून तुम्ही सहावे आलात, नाहीतर तिसरे असता, असं लिहिलंय. कापायचं ते कापून झालंय, पुन्हा कापायची रीत नाही. नंबर कायम. खाली त्यांनी हाताने एक ओळ घातली आहे की स्वार बहिरा आहे हे मात्र त्यांना कळलं नव्हतं, आणि पुढच्या खेपेला घोडीला बोंडं घालून यावं.

पत्र टिंबरला वाचून दाखवलं. त्याने कोपरा खाल्ला, सही तेवढी वाचली. वंडा कोलाचे घेऊन आली होती, तिला मी म्हटलं की फुलांचा बेत पुढे ढकल. तीन घोड्या वसंतात विणार आहेत, तिन्ही शिंगरं नोंदायची आहेत, मला वेळ नाही. शर्ट खुंटीला आहे. खुंटीलाच राहील.

जुलैत तुझं वर्ष संपतं. पॉपी घ्यायला तेव्हाच ये, तोवर ती माझी. पण तुला तिसऱ्याच्या वर यायचं असेल तर ती आतापासूनच पायाकडे लक्ष देणारी झाली पाहिजे. उद्यापासून आम्ही दोघं तेच शिकणार. बोंडं तुला परत पाठवणार होतो. मग पेटीतून काढली, तिच्या कानात घातली आणि दोन फेऱ्या मारून आलो. दोघंही बहिरे, वारा सुटलेला. छान चालली.

तेव्हा बोंडं जुलैत घेऊन जा. लोभ लिहून कळवत जा, फोनवर नको.

तुझा,
लुड्विक