दाराबाहेरची हाक

अहो,

तुमाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. उद्या तुमाला जाऊन वरीस हुतंय, तुमचं पुण्यानुमोदन हाय, शेळगावची सगळी भावकी हितं जळोचीला येणार, अन् आपल्या महेशनं नवाच घोळ घालून ठेवलाय. म्हणून लिहिते.

मोबाईलमधल्या तुमच्या जुन्या बोलण्यावरनं त्यानं तुमचा आवाज बनवलाय. आपण लिहायचं, तो बोलतो. उद्या स्पीकरवर लावणार म्हणतोय. "आई, सगळ्यांना बरं वाटंल."

मला तुमचा तो आवडीचा पिक्चर आठवला. एमआयडीसीतल्या डेअरीला सुट्टी असली की दुपारी लावायचा. आभाळातनं आलेलं ते जनावर, मेलेल्या माणसाच्या आवाजात दाराबाहेरनं हाक मारणारं, अन् आत कोंडलेली ती तिघं! मी पदर तोंडावर घ्यायची अन् तुमी अर्थ सांगत बसायचा.

"अगं, हा भुताचा पिक्चर न्हाय. तो डॉक्टर म्हंजे अक्कल, बंदूकवाला म्हंजे भीती, अन् ती बाई म्हंजे माया."

शेवटी दार ती बाईच उघडायची. मी दर वेळी चिडायची, "येडी हाय का ही? नवऱ्याला मूठमाती दिली ना हिनं?"

"तो नवरा न्हाय, हे तिला ठावं हाय. तरी उघडती."

मला काय ते पटायचं न्हाय.

काल महेशनं मला एकटीला ऐकवलं. तुमचाच आवाज, तसाच घोगरा. म्हणाला, "सुनंदा, जेवलीस का?"

सुनंदा! अहो, उभ्या संसारात मला नावानं हाक मारली का तुमी कधी? "अगं", "ऐकलं का", लईच लाडात आला तर "महेशची आई". काय बिघडलं असतं हो तुमचं, एकदा म्हणाला असता तर? महेश म्हणतो, नाव घातल्याबिगर त्या मशीनला कुणाशी बोलायचं ते कळत न्हाय.

हे तुमी न्हाय, मला तितंच कळलं. तरी म्हणाले, "परत लाव." किती येळा म्हणाले, ते सांगत न्हाय. लाज वाटती.

ती बाई येडी नव्हती हो.

पण उद्या स्पीकरवर ते वाजू देणार न्हाय. आज संध्याकाळीच महेशला पुसून टाकायला लावते, शब्द देते तुमाला. माहेरचं कुणी उरलं न्हाय, मला नावानं हाक मारणारं आता कुणीच न्हाय. राहू दे.

तुमची,
अगं