दोन आवाजांची वजाबाकी

सातारा, १० नोव्हेंबर २०२५

मी, नाथाजी अर्जुना कोळेकर, बी. कॉम., वय छप्पन्न, मूळ गाव कवठे महांकाळ, औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नव्याने रुजू झालेला लेखापाल, आजपासून ही रोजनिशी लिहीत आहे. हेतू एकच आहे. माझी मुलगी समीक्षा गेल्या पावसाळ्यात पाचगणीच्या घाटातील अपघातात गेली. आज मी घेतलेल्या याच भाड्याच्या खोलीत ती ध्वनिमुद्रणाचे काम करी. आजीची चार कडव्यांची एक ओवी तिने टाळांच्या साथीवर स्वतः गाऊन ठेवली आहे. तिचा तेवढाच आवाज आमच्याकडे उरला आहे. मात्र तिच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली प्रत मला भरीव वाटते, तर तिचा भागीदार यशराज याच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली पातळ. यांपैकी तिचा खरा आवाज कोणता, हे मला ठरवायचे आहे.

खोली उत्तम आहे. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. घरमालक जोतीराम हे निवृत्त सुभेदार. त्यांनी गरम भजी आणली आणि भिंतींवरचा स्पंज दाखवून सांगितले, की हितं कितीबी भांडा, शेजारी ऐकू जात न्हाई. आमी नवराबायको मुद्दाम हितंच येऊन भांडतो. फार दिवसांनी मी हसलो.

१२ नोव्हेंबर

यशराजच्या मते कोणतेही सॉफ्टवेअर शेवटी आकड्यांचीच बेरीज करते. फरक ऐकणाऱ्याच्या मनात असतो. समीक्षाला हे कधीच मान्य नव्हते. त्याने मला कसोटी शिकवली. एकच मुद्रण दोन्ही सॉफ्टवेअरमधून, कोणताही परिणाम न चढवता, आवाजाच्या सारख्या पातळीला बाहेर काढायचे. एका प्रतीची लहर उलटी करायची. मग दोन्ही प्रती काटेकोर एकावर एक ठेवून वाजवायच्या. त्या तंतोतंत सारख्या असतील तर परस्परांना खोडतात आणि काहीच ऐकू येत नाही. फरक असेल, तर तेवढा फरकच ऐकू येतो.

आधी जोतीरामांचा आवाज घेतला. निकाल : संपूर्ण शांतता.

ते म्हणाले, "आवं साहेब, माझं बोलणं शून्य हाय, हे आमची मंडळी लगीन झाल्यापास्नं सांगतीया. त्याला कॉम्प्युटर कशाला?"

१५ नोव्हेंबर

आज ओवीचे पहिले कडवे लावले. पडद्यावरील, आवाजाची पातळी दाखवणारा मीटर तळाशी होता, तसूभरही हलला नाही. तरीही हेडफोनमध्ये श्वास ऐकू आला. मग, "आप्पा."

हा शब्द ओवीत नाही.

यशराजने ऐकले आणि हेडफोन हळूच खाली ठेवला. सर्व पुन्हा तपासून तो म्हणाला, की काका, दोन्हींत फरक नाही. हे सॉफ्टवेअरमधलं नाही. पुन्हा लावू नका, अशी त्याने हात जोडून विनंती केली.

१६ नोव्हेंबर

मूळ ओवी ऐकली. पहिल्या कडव्यातील तिचा आवाज नाहीसा झाला आहे. केवळ टाळ वाजतात. सर्व प्रतींत तसेच, यशराजच्या मोबाइलमध्येही. जेवढे कसोटीला लावले, तेवढेच गेले.

येथेच थांबायला हवे. परंतु तिने मला हाक मारली आहे. दुसरे कडवे लावले.

"आप्पा, हितं कोनच न्हाई."

१९ नोव्हेंबर

यशराज आता येत नाही. तिसरे कडवे लावले.

"नगा लावू, आप्पा. लय दुखतंय."

तत्काळ बंद केले. वीजही तोडली. तरी विव्हळणे थांबत नाही— खोलीत नाही, कानात आहे. कारखान्यातही. जेवतानाही. माझे लेकरू—

२१ नोव्हेंबर

मायक्रोफोनसमोर बसून तिच्याशी बोललो. गावाकडचे, मेंढरांचे, तिच्या आईचे. बोलत होतो तोवर विव्हळणे बंद. पुरते बंद.

दारात जोतीराम. म्हणाले, साहेब, तोंड हालतंय, आवाज कुठं हाय?

तपासले. त्यांचे म्हणणे खरे आहे. तिला दिलेले शब्द मला पुन्हा उच्चारता येत नाहीत. "मेंढरू" येत नाही. तिच्या आईचे नाव येत नाही. आम्ही दोघे परस्परांना खोडत आहोत.

२२ नोव्हेंबर

एकच कडवे शिल्लक. ते जपले तर तिचा आवाज राहील— आणि तिचे दुखणेही. माझ्या आवाजाने खोडले तर ती निवेल. मग काहीच—

"आप्पा, बोला की."

२३ नोव्हेंबर

जोतीराम दार वाजवत आहेत. उघडणार नाही.

सही आधीच करून ठेवली आहे. शब्द आता लिहितानाही सुटतात—

शेवटचे कडवे लावले. वर माझा आवाज. ओवी मला येत नाही, म्हणून तिचे नावच घेतो. एकदा म्हटले— ती गप्प झाली. पुन्हा म्हटले— श्वास संथ. निजते आहे. दुखत नाही तिला. आणखी एकदाच— तिचे नाव— माझ्या मुलीचे नाव—

ना. अ. कोळेकर
सातारा, २३ नोव्हेंबर २०२५