कौदीचा उसवलेला कोपरा

मी अनुसूयाबाई, कै. गुंडो महेंद्रकर शिंपी यांची पत्नी, वय एकसष्ट, राहणार बळेपेट, बेंगळूर. दगा माझ्या गुडघ्यांनी दिला आहे, डोक्याने नाही. तेव्हा हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत करीत आहे. मी सांगते आहे आणि वकिलांचे कारकून नरसिंगराव लिहून घेत आहेत.

१. यजमानांचे शिवणयंत्र व मोठी कातर शेजारच्या सुनंदाबाईंना द्यावी. माझ्या आजारपणात पेज त्यांनीच पाजली, पोटच्या पोराने नाही.

२. यजमानांनी माझ्या नावे केलेले दोन खोल्यांचे घर माझा एकुलता एक मुलगा रघुपती यास मिळावे. पण बायकोसह इथे येऊन राहिला तरच. नाहीतर देवळाला द्यावे. दीर भीमसेनला मात्र काही केल्या विकू नये. यजमानांच्या तेराव्याला तो गोदामासाठी भिंती मोजत होता.

रघुपती याच गल्लीत वाढला. लग्न होताच त्याला गल्ली अरुंद वाटू लागली. सून नयना हिला वेगळे न्हाणीघर हवे होते. आम्ही जणू जन्मभर पारोसेच राहिलो. त्याने जयनगरात सरकारी साइटसाठी, म्हणजे घर बांधायच्या जागेसाठी, अर्ज केला आणि रोज पोस्टमनची वाट पाहू लागला.

३. लाल काठाची कौदी, मी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, नयनाला द्यावी. ती दोघे घर सोडून निघाली तेव्हा मी कौदी पुढे केली, तर नयना टांग्यात जागा नाही म्हणाली. ट्रंकांना बरी जागा झाली. आमच्यात कौदीचा शेवटचा कोपरा रिकामा शिवत नाहीत, मूठभर तांदूळ घालतात. या कौदीत मी तांदूळ घातले नाहीत. १९५८ साली रघुपतीच्या नावाने आलेला सरकारी लखोटा घातला. मला इंग्रजी येत नाही, पण लखोटा कसला ते कळत होते. मुदत टळली, साइट दुसऱ्याला गेली. साइट नाही म्हणजे पोरगा घरात राहील असे मला वाटले. वर्षभर राहिला आणि के. आर. पुरमला भाड्याच्या खोलीत गेला. त्याला हे तोंडाने सांगायचे धैर्य मला झाले नाही.

इथवर सांगितल्यावर नरसिंगराव म्हणाले की, कागद सरकारी आहे, पाहून लिहिलेले बरे. मी कोपरा उसवला. आत साइट मंजूर झाल्याचे पत्र आणि रघुपतीच्या अर्जाची नक्कल निघाली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“अक्का, नव्या घरात कोण कोण राहणार ते लिहिलंय. पहिलं नाव तुमचंच आहे.”

चार वर्षे मी हीच कौदी पांघरून झोपते आहे.

४. कलम दोनमधील अट मी रद्द करते. घर रघुपतीचे. त्याने ते विकावे आणि हवी तिथे जागा घ्यावी. भीमसेनला विकले तरी माझी हरकत नाही. कौदी नयनाला नको. लखोट्यासकट रघुपतीच्या हातात द्यावी. कोपरा कोणी शिवू नये. वाचून तो माझ्या दिवसांना आला नाही, तर त्याला कोणीही बोल लावू नये.

सही: अनुसूयाबाई महेंद्रकर

आमच्यादेखत सही केली:
नरसिंगराव, वकिलांचे कारकून
भागीरथीबाई, समोरच्या घरातील

बळेपेट, बेंगळूर. ता. १४ जुलै १९६३