लेफ्टनंट गव्हर्नर कोण झाला

१२ एप्रिल
आखातातल्या आमच्या इंटरनॅशनल सिटीत आज घोर अधर्म घडला. खालच्या कॅफेटेरियाने चहाचा कप लहान केला. चहावाल्या खैरुद्दीनला जाब विचारला, तर म्हणतो, "छोटा नहीं सर, नया है." इतकी वर्षं संस्कृत घोकून मला असं भाष्य कधी सुचलं नाही.

संध्याकाळी खलिफा सिटीहून, आईच्या घरून, इशिताचा फोन — बऱ्याच दिवसांनी. अपर्णा आणि मी वेगळे झाल्यापासून लेकीशी बोलणं म्हणजे "जेवलीस?" "यस." "अभ्यास?" "फाइन." आज चक्क प्रश्न होता. शाळेचं प्रोजेक्ट: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या एका राज्यात झालेली लेफ्टनंट गव्हर्नरची निवडणूक. "यू आर अ जर्नलिस्ट, बाबा. सांग ना."

सांगितलं. राज्यपाल राजधानीतून नेमलेला, उपराज्यपाल तेवढा लोकांनी निवडलेला, म्हणून भांडणं. आयुष्यभर दिल्लीकडे बघून बातम्या लिहिल्यात, शंका कसली?

१४ एप्रिल
"बाबा, गव्हर्नरला कोणी अपॉइंट नाही करत. त्यालाही लोकच व्होट करतात."
"वरून कोणीच पाठवत नाही?"
"अमेरिका आहे ती. नॉट दिल्ली!"
खूप हसली. मग मी आणखी एक-दोन चुका मुद्दाम केल्या.

१७ एप्रिल
हल्ली रोज फोन. आज तिने सांगितलं, त्या शतकात काही राज्यांत दोघांसाठी वेगवेगळं मतदान व्हायचं. गव्हर्नर एका पक्षाचा, खालचा दुसऱ्याच पक्षाचा.
"मग ते एकमेकांशी बोलायचे तरी का?"
"लाइक यू अँड मम्मा. कामापुरतं."
बॉस्टनच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय तिला. एक मेपर्यंत होकार कळवायचाय. विचारलं, तर "बघू" म्हणाली आणि परत निवडणुकीवर आली.

२० एप्रिल
फोन नाही. शेजारच्या घरातली मॅच भिंतीतून ऐकली. कोण जिंकलं, कळलं नाही.

२१ एप्रिल
न राहवून अपर्णाला फोन केला. म्हटलं, प्रोजेक्टसाठी थोडे संदर्भ काढून ठेवलेत.
"ते तिने मार्चमध्येच दिलं. ए मिळाला."
"मग रोज मला कशाला—"
"तू एकटा असतोस म्हणून. बॉस्टनला नाही म्हणायचं चाललंय तिचं. माझं ऐकत नाही. तू जा म्हणालास तर जाईल."

२२ एप्रिल
इशिताचा फोन आला. लेफ्टनंट गव्हर्नर शेवटी कोण झाला, ते विचारलं. तिने सगळं नीट सांगितलं. मी 'जा' म्हणालो नाही. उद्याही म्हणेन असं वाटत नाही. त्याचीच भीती वाटते.